नुसत्या स्क्रूने भागत नाही

बुलेट, जुनी पल्सर किंवा आरएक्स 100 घ्या. मूळ एअर फिल्टर काढून मोकळा कोन फिल्टर बसवला, सायलेन्सर बदलला आणि कार्बोरेटरच्या स्क्रूला अर्धा आटा देऊन 'ट्युनिंग झालं' म्हणून गाडी हातात दिली, तर ती घेऊन पनवेलबाहेर पडू नका, असं माझं स्पष्ट सांगणं आहे. त्या स्क्रूचा अंमल आयडलपासून थ्रॉटल साधारण पाव उघडेपर्यंतच असतो. स्टेशन, बाजार, फार तर कळंबोली एवढ्या फेऱ्यांत थ्रॉटल पावाच्या पुढे फारसा जातच नाही. म्हणून शहरात गाडी छान चालते आणि मालकाची खात्री पटते. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी असल्याने खोपोलीकडे जाणारा पळस्पे फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागतो. तिथे मूठ निम्म्यावर, पाऊणवर जाते आणि पेट्रोलचा हिशेब नीडलच्या, त्यापुढे मेन जेटच्या हाती जातो. त्या दोघांना तर कुणी हातही लावलेला नसतो.

फ्लोट बाऊलमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि कार्बोरेटरच्या गळ्यात दाब त्याहून कमी असतो. या फरकामुळेच पेट्रोल जेटमधून वर चढतं. कंपनीचा एअरबॉक्स हवा जराशी अडवतो, गळ्यातला दाब आणखी उतरवतो आणि मूळ जेटचं माप ती जादा ओढ धरूनच ठरलेलं असतं. अडथळा काढला की हवा मोकळी येते, पण ती ओढ जाते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. पूर्ण ताकदीला मात्र इंजिनाला साडेबारा-तेराच्या आसपासचं रिच मिश्रण हवं असतं, कारण ते जादा पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषतं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला नऊ पटच हवा पुरते, त्यामुळे 14.7 चा आकडा साडेतेराच्या जवळ येतो. म्हणजे काहीही न बदललेली कार्बोरेटरची गाडीसुद्धा पूर्वीपेक्षा लीनच चालते आहे. हाताशी असलेली थोडी सवड इंधनानेच खाल्ली. फिल्टर आणि सायलेन्सर बदलणारा उरलेलीही संपवतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात त्याची किंमत नॉकिंग, जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि टू-स्ट्रोक असेल तर जाम झालेला पिस्टन अशी मोजावी लागते.

लीन गाडी अ‍ॅव्हरेज जास्त देते, हा नेहमीचा बचाव आहे. हलक्या मुठीवर तो थोडाफार खराही आहे, पण भार पडल्यावर लीन गाडी उठत नाही, मूठ अधिक पिळावी लागते आणि वाचलेलं पेट्रोल तिथेच जातं. दुसरा बचाव जास्त जाणकार मंडळींचा: बुलेट-पल्सरचे व्हॅक्यूमवर चालणारे कार्बोरेटर स्वतःच जुळवून घेतात. पण त्यांची स्लाइड दाबाच्या फरकानेच उचलली जाते आणि मोकळा फिल्टर नेमकी त्याच फरकात ढवळाढवळ करतो. एअरबॉक्सवर हे कार्बोरेटर जास्तच अवलंबून असतात. मग सरळ मोठं जेट टाकून मोकळं व्हावं? तेही नाही. फार रिच मिश्रण सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, प्लग काळा करतं आणि पीयूसीत गाडी अडकवतं. जेटमध्ये तार घालून भोक वाढवण्याला तर माझा पक्का विरोध आहे. व्यास 10 टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं, आणि मग आपण कुठे आहोत हे कुणालाच सांगता येत नाही.

काम खालून वर नाही, वरून खाली करावं. सायलेन्सरच्या जोडावर हवा गळत नाही ना, हे आधी पाहा. मूठ सोडल्यावर येणारे फटके बऱ्याचदा तिथलेच असतात. मग मुठीवर पाव, निम्मं, पाऊण अशा रंगाच्या खुणा करा. तापलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेत, खालच्या गिअरला, पाऊणच्या पुढे खेचताना मूठ किंचित मागे घेतल्यावर ती उलट जोर धरत असेल तर मेन जेट लहान आहे. एकेक नंबर वाढवा. त्यानंतर नीडल: क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. पायलट जेट आणि स्क्रू सगळ्यात शेवटी. आरएक्सच्या कार्बोरेटरला एअर स्क्रू आहे, तो बाहेर फिरवला की मिश्रण लीन; पल्सरसारख्या गाड्यांत तो इंधनाचा स्क्रू असतो, तिथे बाहेर म्हणजे रिच. कार्बोरेटर मिकुनी कंपनीचा असेल तर जेटही मिकुनीचंच घ्या, कारण केहिनचे आकडे वेगळ्या मापाचे असतात.

आपल्या भागात एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. लोणावळा सुमारे 620 मीटर उंचीवर आहे, तिथे हवा पनवेलपेक्षा सहाएक टक्के विरळ. पनवेलला बरोबर लावलेली गाडी घाट चढल्यावर थोडी रिच चालेल, जरा जड वाटेल, पण इंजिन सुखरूप राहील. वर राहणाऱ्या मित्राच्या गॅरेजमध्ये लावून आणलेली गाडी मात्र खाली उतरल्यावर लीन होते. म्हणून जेटिंग जिथे गाडी रोज पळते तिथेच, खालीच करावं. कोन फिल्टरला पळस्पे ते कर्नाळा पट्ट्यातली धूळ आणि आपला पाऊस दोन्ही थेट लागतात. भिजलेला फिल्टर हवा अडवतो आणि सगळं जेटिंग पुन्हा बिघडवतो. जूनच्या आधी मूळ एअरबॉक्स आणि त्याच्याबरोबरचं मूळ जेट परत बसवता यावं, यासाठी ती दोन्ही भंगारात न देता जपून ठेवा. मूळ सायलेन्सरही ठेवा: 175 सीसीवरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दंड 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो.