बारीक दगडाला चर पडू देऊ नका

८००० ग्रिटचा जपानी पाण्याचा दगड मऊ असतो. ६ मिलिमीटरच्या पटाशीचा कोपरा जरा दाबला गेला, की त्यावर चर पडतो. चर अर्धा मिलिमीटर खोल असेल, तर तो काढण्यासाठी अख्ख्या दगडावरून अर्ध्या मिलिमीटरचा थर घासून टाकावा लागतो. एवढा महागाचा दगड असा झिजवण्यापेक्षा पाजवण्याचा क्रम आणि हात सांभाळणं केव्हाही परवडतं.

आधी दगड सपाट आहे का ते बघा. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखा, पाणी सोडत डायमंड प्लेटवर घासा. सगळ्या रेघा एकदम गेल्या तर दगड समतल. मधल्या रेघा उरल्या तर मध्ये खळगा आहे, त्या जाईपर्यंत घासा. दगडाच्या चारही कडांची धारही त्याच प्लेटवर थोडी मारून ठेवा, म्हणजे टवके उडत नाहीत.

मातीच्या बांधणीचा १००० ग्रिटचा दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवतात. बारीक दगडावर मात्र पाणी नुसतं शिंपडा. बांधणीत मॅग्नेशिया असलेले दगड बुडवून ठेवले तर तडकतात.

हत्यारावर गंज टाळायला लावलेलं तेल पुसून काढा. खांडे पडलेलं पातं बारीक दगडाला लावूच नका. सगळी जड कामं १००० वर संपवा. पात्याच्या पाठीवरून बोट आतून बाहेर, धारेकडे न्या. टोकाशी खरखरीत कड लागली, तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे या दगडाचं काम झालं. मग पातं, हात आणि, पातं कोनात धरायला जिग वापरत असाल तर, तिचं चाक स्वच्छ धुवा. हे धुणं सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि नुकसान इथंच होतं: जाड दगडाचा एकच कण बारीक दगडात रुतला तर पुढच्या प्रत्येक धारेवर ओरखडा उठतो. घासताना ‘खर्र’ झालं की तिथंच थांबा आणि दगड धुवा.

८००० वर आधी रंध्याचं पातं, मग रुंद पटाश्या, नंतर सुऱ्या आणि अगदी शेवटी अरुंद पटाश्या घ्या. रुंद पातं पुढे-मागे चालतं. अरुंद पटाशी फक्त मागे ओढायची, धार मागे राहील अशी, आणि परत नेताना उचलायची. जोर नको, आणि एकाच पट्ट्यात तर मुळीच नको. दगडाची पूर्ण रुंदी वापरा, अधूनमधून दगड फिरवून घ्या. बाजूची कड पुरेशी रुंद असेल तर अरुंद पटाशी तिच्यावरच पाजवावी. सुरीचं टोक घासताना मूठ वर गेली की टोक दगडात घुसतं, त्यामुळे तिथं हात हळू.

गोल पटाशीला सपाट दगड नकोच. तिच्या गोलाईच्या लाकडी दांड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळा.

काम झाल्यावर दगड धुवून सावलीत, कडेवर उभा वाळवा. उन्हात नको, आणि ओला असताना डबीत बंद करू नका.