अंगावर चढवायचा यंत्रमानव : पाऊल उचलण्यापूर्वीचे प्रश्न

यंत्रमानव म्हटले की कारखान्यात मोटारी जोडणारा लोखंडी हात किंवा सिनेमातला चालता-बोलता पुतळा आपल्या डोळ्यांपुढे येतो. गेल्या काही वर्षांत मात्र वेगळ्याच प्रकारचा यंत्रमानव वैद्यकशास्त्रात आला आहे. चिलखत घालावे तसा माणूस तो अंगावर चढवतो. इंग्रजीत याला ‘एक्सोस्केलेटन’ म्हणतात. आपण त्याला ‘बाह्य सांगाडा’ म्हणू.

मणक्याला जबर मार बसला की मेंदूकडून पायांकडे जाणारे संदेश तुटतात. पाय शाबूत असतात, पण हुकूम पोहोचत नाही. अशा रुग्णाच्या पायांना बाहेरून धातूचे सांगाडे पट्ट्यांनी बांधतात. खुबा आणि गुडघा यांच्या जागी मोटारी असतात. रुग्ण कुबड्यांच्या आधाराने किंचित पुढे झुकला की यंत्राला त्याचा इरादा कळतो आणि ते पाऊल टाकते.

इस्राएलमधील अभियंता अमित गॉफर यांना १९९७ साली अपघात होऊन हात व पाय दोन्हींचे बळ गेले. त्यांनी ‘रीवॉक’ नावाचा असा सांगाडा तयार केला. २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो घरी वापरण्यास परवानगी दिली. पण कुबड्या धरण्यासाठी हातात ताकद लागते. त्यामुळे खुद्द गॉफर यांना स्वतःचे यंत्र वापरता आले नाही! या एका गोष्टीतच पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ आहे.

हे यंत्र कोणासाठी?

रीवॉक वापरणाऱ्याची उंची साधारण १६० ते १९० सेंटिमीटर आणि वजन १०० किलोच्या आत असावे लागते. आपल्याकडील स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या बहुसंख्य भगिनी पैशाचा प्रश्न येण्याआधीच मापात बसत नाहीत. यंत्र कोणाला डोळ्यांपुढे ठेवून घडवले, हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. तो न्यायाचाही प्रश्न आहे.

मग किंमत. अमेरिकेत वृद्ध व दिव्यांगांसाठी असलेल्या सरकारी विमा योजनेने २०२४ साली या यंत्रासाठी सुमारे ९१ हजार डॉलर मंजूर केले. त्या वेळच्या दराने हे ७५ लाख रुपये होतात. आपल्याकडे १९६८ साली जयपूरला डॉ. प्रमोद सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो पाय घडवला, तो अनवाणी चालता यावे, मांडी घालून बसता यावे, शेतातल्या चिखलात उतरता यावे असा होता. आपली माणसे कशी राहतात हे पाहून साधन घडवले की ते गावोगाव पोहोचते. हा धडा बाह्य सांगाडा बनवणाऱ्यांनीही घ्यायला हवा.

शरीराला धोका

बरीच वर्षे न चाललेल्या पायांची हाडे ठिसूळ होतात. त्यातच पायांना संवेदना नसते. यंत्राने पाऊल किंचित वाकडे टाकले तर हाड मोडू शकते आणि रुग्णाला वेदनाही होत नाही. पट्टा काचून झालेली जखम दोन-दोन दिवस लक्षात येत नाही. म्हणून घरी वापरताना जवळ प्रशिक्षित माणूस असावाच लागतो. ठिसूळ हाडे, अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा किंवा स्नायूंचा तीव्र ताठरपणा असल्यास डॉक्टर सहसा हे यंत्र देत नाहीत. रुग्णाला याची पूर्ण कल्पना त्याच्या भाषेत दिली पाहिजे. नुसती कागदावर सही घेणे म्हणजे संमती नव्हे.

पडलो तर जबाबदार कोण?

माणूस पुढे झुकला, यंत्राने चुकीचा अर्थ लावला आणि दोघेही कोसळले. दोष कोणाचा? वापरणाऱ्याचा, शिकवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा की बनवणाऱ्याचा? आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांविरुद्धही दाद मागता येते. मात्र दोष यंत्राचाच होता हे सिद्ध करायचे तर यंत्रात साठलेली नोंद हवी. ती नोंद असते कंपनीच्या हातात!

हीच नोंद आणखी एक प्रश्न उभा करते. आपण किती पावले चाललो, कधी उभे राहिलो, किती वेळा तोल गेला, हे सारे यंत्र टिपते. ही माहिती विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती गेली तर? काही कारखान्यांत धडधाकट कामगारांनाही असे साधन दिले जाते. फोर्ड कंपनीने २०१८ साली सात देशांतील १५ कारखान्यांत हात वर धरून काम करणाऱ्यांना खांद्याचा भार हलका करणारे जाकीट दिले. खांदे दुखणे कमी झाले तर उत्तमच. पण ‘आता थकत नाहीस ना, मग आणखी काम कर’ असे म्हटले गेले, तर त्या जाकिटाचा फायदा कामगाराला की मालकाला?

यंत्र की शरीराचा भाग?

नृत्यांगना सुधा चंद्रन यांना विमानतळावर तपासणीसाठी कृत्रिम पाय वारंवार काढायला लावत. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी याबद्दल जाहीर तक्रार केली, तेव्हा सुरक्षा दलाने माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही माणसाची प्रतिष्ठा राखण्यासाठी असे अवयव काढायला लावू नयेत, असे म्हटले. मग बाह्य सांगाडा हे सामान समजायचे की माणसाचा पाय?

अमेरिकेत २०२४ साली घडलेला प्रकार विचार करायला लावतो. सुमारे एक लाख डॉलरचे यंत्र दहा वर्षे वापरणाऱ्या एका गृहस्थांच्या मनगटावरील नियंत्रकातील बॅटरीची जोडणी बिघडली. पाच वर्षांपेक्षा जुन्या यंत्राची दुरुस्ती करत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. क्षुल्लक बिघाडामुळे त्यांचे चालणे थांबले. वृत्तपत्रांतून गवगवा झाला तेव्हा दुरुस्ती झाली. पंखा बिघडला तर आपण उकाडा सोसतो. पाय बिघडले तर काय करायचे?

उतार नको, यंत्र घ्या?

सर्वांत मोठी भीती सामाजिक आहे. ‘आता चालवणारे यंत्र आले, मग चाकाच्या खुर्चीसाठी उतार कशाला?’ असे कोणी म्हणू लागले तर नुकसान हजारोंचे होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती अडथळामुक्त करणे बंधनकारक केले आहे. तहसील कचेरीच्या पायऱ्यांशेजारी केलेला एक सिमेंटचा उतार रोज कितीतरी लोकांच्या उपयोगी पडतो. शिवाय उभे राहून चालणारा तेवढाच पुरा माणूस, ही समजूत खोटी आहे. खुर्चीत बसून संसार, नोकरी आणि शेती सांभाळणारे लोक आपल्या जिल्ह्यातही आहेत.

वाचकांसाठी

घरात असा रुग्ण असेल आणि जाहिरात पाहून मन ओढ घेत असेल, तर आधी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात :

१) हाडांची घनता तपासली आहे काय? हातांत पुरेशी ताकद आहे काय?

२) यंत्र आपल्या मापाचे आहे काय? विकत घेण्याआधी रुग्णालयात काही आठवडे वापरून पाहता येईल काय?

३) दुरुस्ती कोण, कोठे आणि किती वर्षे करणार? हे लेखी घ्यावे.

४) यंत्रातील माहिती कोणाकडे जाते? ती आपल्याला मिळते काय?

५) तेवढ्याच पैशात चांगली खुर्ची, घराला उतार, रुंद दाराचे न्हाणीघर आणि नियमित व्यायामोपचार होतील काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत ‘होय’ असेच येईल. त्यात कमीपणा मानू नये. आशा जरूर ठेवावी. मात्र कर्ज काढण्यापूर्वी पुनर्वसन तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि अंतिम निर्णय रुग्णाचा स्वतःचा असू द्यावा.