शीतकपाटातील दूध आणि त्याची परीक्षा

दूध शीतकपाटात ठेवले की आपण निर्धास्त होतो. ३७ अंश सेल्सिअसच्या ऊबपेटीची सवय जडलेल्या आम्हा डॉक्टरांनाही यात काही वावगे वाटत नाही. परंतु ७ अंशांखालीही वाढणारे शीतसहिष्णू जीवाणू दुधात असतात. स्यूडोमोनास हा त्यांतील प्रमुख वंश होय.

या वंशाच्या शीतवासी जातींचा अभ्यास आपल्या हैदराबादेतही झाला आहे. हबसीगुडा येथील सी.सी.एम.बी.चे डॉ. एस. शिवाजी व सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातील नमुन्यांतून तीन नव्या जाती २००४ मध्ये नोंदविल्या. त्यांपैकी स्यूडोमोनास प्रोटिओलिटिका पुढे युरोपात कच्च्या दुधातही सापडली. प्रथिने फोडण्याचा गुण तिच्या नावातच आहे!

गावातील संकलन केंद्रावर दूध ४ अंशांपर्यंत थंड करतात. दूध आंबविणारे जीवाणू त्यामुळे थोपतात, पण शीतसहिष्णूंना मोकळे रान मिळते. ७२ अंशांवर १५ सेकंदांच्या पाश्चरीकरणाने स्यूडोमोनास मरतात. त्यांनी आधीच सोडलेली प्रथिने व मेद फोडणारी विकरे मात्र बऱ्याच अंशी टिकतात. न फाटलेले दूधही कधी कडवट का लागते, याचे एक उत्तर येथे आहे.

मिथिलीन ब्लूची रंगलोप चाचणी ३७ अंशांवर होते. त्या उष्णतेत हे जीवाणू मंदावतात व दूध वाजवीपेक्षा चांगले ठरते. नेमकी गणना हवी असल्यास संवर्धन-पट्टिका ७ अंशांवर १० दिवस ठेवाव्या लागतात. अहवाल येईतो दूध केव्हाच पिऊन झालेले असते! म्हणून २१ अंशांवर २५ तासांची पद्धत निघाली. पिशवीतील दूध ७ अंशांवर पाच ते सात दिवस ठेवून आधी व नंतर गणना करणारी मोझली चाचणी संथ खरी, पण मला तीच अधिक बोलकी वाटते. पाश्चरीकृत दुधात स्यूडोमोनास वाढले, तर दोष बहुधा नंतरच्या नळ्यांत वा पिशव्या भरणाऱ्या यंत्रात शोधावा.

स्यूडोमोनास मुख्यतः दूध नासवितात. लिस्टेरिया मोनोसायटोजेनेसची गोष्ट निराळी. तो ४ अंशांवरही हळूहळू वाढतो; गर्भवतीस बहुधा केवळ साधा ताप येतो, पण गर्भपात किंवा नवजाताचा मस्तिष्कावरणदाह ओढवू शकतो. उकळल्याने तो मरतो; तेव्हा सुटे दूध आणताच उकळावे, झाकून लवकर थंड करावे. गर्भवतीस कच्चे दूध देऊच नये. तापाने आलेल्या गर्भवतीस आपण त्याविषयी आवर्जून विचारावे आणि रक्तसंवर्धनाच्या विनंतीपत्रावर लिस्टेरियाची शंका स्पष्ट लिहावी. एरवी प्रयोगशाळेत हा दंडाणू निरुपद्रवी डिफ्थेरॉइड समजून बाजूला टाकला जाण्याचा संभव असतो.