नेटवरची हजेरी

हौशी बिनतारी केंद्रचालकास जगभर ‘हॅम’ म्हणतात. अनेक हॅम ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कंप्रतेवर जमतात, त्यास ‘नेट’ असे नाव आहे. भजनी मंडळच म्हणा ना! फरक इतकाच, की येथले टाळकरी शेकडो मैलांवर विखुरलेले असतात आणि एका वेळी एकानेच तोंड उघडायचे असते.

ही शिस्त नेटचा नियंत्रक राखतो. त्याने हजेरी मागितली, की आपण केवळ आपले कॉलसाइन सांगून थांबावयाचे. भारतातील कॉलसाइन बहुधा ‘व्हीयू’ने सुरू होते. खरखरीत अक्षरे हरवू नयेत म्हणून ‘व्हिक्टर, युनिफॉर्म’ असा उच्चार करतात. नियंत्रकाने पुकारल्यावरच आपले नाव, गाव आणि त्याचा आवाज कसा पोचतो ते सांगायचे. ‘पाच-नऊ’ म्हणजे स्पष्ट आणि जोरदार. मी अद्याप निव्वळ श्रोता आहे. पण माझ्या मते या खेळातले अर्धे कसब गप्प बसण्यातच आहे.

घरातल्या साध्या रेडिओवर मात्र हे बोलणे बदकाच्या आवाजासारखे येते. कारण हॅम मंडळी वाहक लहर आणि एक बाजूपट्टा गाळून उरलेलाच पट्टा पाठवितात. गाळलेली लहर ग्राहकयंत्रात पुन्हा निर्माण करावी लागते.

7 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे 40 मीटरच्या पट्ट्यावर दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत बोलणे होते. सूर्य मावळला, की आयनांबराचा लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि दूरदूरची केंद्रे गर्दी करतात. अँटेना म्हणून दोन झाडांमध्ये ताणलेली सुमारे वीस मीटर तांब्याची तार पुरते. वळवाच्या दिवसांत मात्र विजांचा कडकडाट कानांत बसतो.

आमच्या नाचणगावाहून किल्लारी सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तेथे भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी हॅम मंडळींनी निरोप पोचविण्याचे काम केले. अशा प्रसंगी रोजची हजेरी कामी येते. कोणाचे केंद्र कोठे आहे, कोणाचा आवाज कोठवर जातो, हे नियंत्रकास आधीच ठाऊक असते. तातडीचा निरोप आला, की बाकीचे सारे थांबतात.

बोलण्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा असते. विद्युतशास्त्राची तोंडओळख आणि नियम, एवढाच अभ्यास. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला तो मुळीच जड नाही.