परक्या गावात पहिले पाऊल

परवा रात्रीच्या वर्गात एका मावशींनी पाटीवरची मान वर केली आणि विचारले, "गुर्जी, पोरगं मस्कतले कामाले गेलं. इमानातून उतरल्यावर त्याले पहिले काय दिसलं असन?"

आम्ही मस्कत पाहिलेले नाही. आम्ही तरुणपणी पाहिली ती मुंबई. सुलतानपूरहून एस. टी. ने जालन्याला गेलो आणि तिथून आगगाडीने मुंबईला. सकाळी मोठ्या स्टेशनावर उतरलो तेव्हा आम्हाला काय दिसले? पाय दिसले. धावणारे पाय. पिशवी छातीशी धरून आम्ही एका खांबाला टेकून उभे राहिलो. इमारती आणि मोटारी नंतर दिसल्या. मनात एकच विचार होता, आज रात्री पाठ कुठे टेकायची?

आमच्याजवळ एका नातेवाइकाचा पत्ता होता. दुपारपर्यंत घर सापडले आणि भीती गेली. पण सगळ्यांचे असे होत नाही. त्याचीच एक गोष्ट सांगतो.

सन १९१३. भीमराव आंबेडकर तेव्हा २२ वर्षांचे होते. लहानपणी शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी प्यायचे, शिपाई नसला तर तहानेले राहायचे. असा मुलगा बी. ए. झाला. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती दिली, आणि भीमराव बोटीने अमेरिकेला निघाले. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्क शहरी पोहोचले.

तेव्हाचे न्यूयॉर्क कसे होते? बंदरात शिरताना पाण्यातल्या बेटावर हातात मशाल घेतलेल्या बाईचा प्रचंड पुतळा दिसे. गावात एक इमारत त्याच वर्षी एप्रिलात उघडली होती. तिची उंची ७९२ फूट. जगात तिच्याहून उंच इमारत तेव्हा नव्हती. आपल्या लोणारचे विवर तुम्ही पाहिलेच आहे. काठापासून तळापर्यंत ते सुमारे ४५० फूट खोल आहे. त्या तळाशी ही इमारत उभी केली असती, तर तीनशे फुटांहून जास्त भाग काठाच्या वर दिसला असता! जमिनीखाली आगगाडी होती, तीही १९०४ सालापासून.

आणि आता तुमच्या कामाची गोष्ट. त्या शहराच्या मोठ्या भागात रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. ११३ नंतर ११४, मग ११५. भीमराव आधी विद्यापीठाच्या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण त्यांना मानवले नाही. म्हणून थोड्याच दिवसांत ते दुसरीकडे राहायला गेले, ते ११४ नंबरच्या रस्त्यावर. कोलंबिया विद्यापीठ तिथून अगदी जवळ. ज्याला आकडे वाचता येतात तो त्या भागात सहसा चुकत नाही. मागल्या महिन्यात आपण शंभराच्या पुढचे आकडे गिरवले, तेव्हा काही जण कुरकुरत होते. त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण भीमरावांना खरे नवल वाटले असेल ते वेगळ्याच गोष्टीचे. एका टेबलाशी सगळ्यांबरोबर जेवायचे, एका बाकावर सगळ्यांबरोबर बसायचे, ग्रंथालयात हवे ते पुस्तक हाती घ्यायचे. कुणी जात विचारीत नव्हते. पुढे वसतिगृहात नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहिले. ते त्यांचे जन्माचे मित्र झाले. त्या देशात सगळेच चांगले होते असे मात्र समजू नका. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांना शाळा वेगळ्या आणि आगगाडीचे डबेही वेगळे होते.

चार वर्षे गेली. न्यूयॉर्क झाले, लंडन झाले. १९१७ साली भीमराव परत आले आणि करार केल्याप्रमाणे बडोद्याला नोकरीवर गेले. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत हे ते पार विसरून गेले होते. बडोद्याच्या स्टेशनावर उतरले आणि एका क्षणात सारे आठवले. आता जायचे कुठे? आपल्याला घरात कोण घेणार?

पाहा, मंडळी! सात समुद्रांपलीकडे हा प्रश्न पडला नाही. तो पडला आपल्या देशात. बडोदे त्यांना नवेही नव्हते. परदेशी जाण्याआधी काही दिवस त्यांनी तिथे नोकरी केली होती.

हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेत ते गेले. ती फक्त पारशांसाठी होती. पण तिथे कुणी उतरत नसे आणि रखवालदाराला चार पैसे हवे होते. वहीत पारशी नाव लिहायचे, या बोलीवर त्याने ठेवून घेतले. दिवसाचा दर दीड रुपया. वर एक मोठे दालन, मोडके सामान आणि कंदिलाचा मंद उजेड. एवढा शिकलेला माणूस तिथे खोट्या नावाने रात्री एकटा वाचत बसे. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, म्हणाले. भीमरावांनी दोन ओळखीच्या माणसांकडे आसरा मागितला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनी काही ना काही कारण सांगितले. मग सार्वजनिक बागेत जाऊन ते बसले. रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

ही गोष्ट सांगताना आम्हाला आमचेही एक आठवते. फार पूर्वी आम्ही दुसऱ्या तालुक्यात एका गावी शाळेवर होतो. नवा तरुण मास्तर बदलून आला. हातात ट्रंक, अंगावर धूळ. आम्ही त्याला पाणी विचारले, पण त्याच्याही आधी आडनाव विचारले. गावात खोली मिळायला त्याला आठ दिवस लागले. तोवर तो शाळेत दोन बाके जोडून झोपे. आमच्या घरी ओसरी रिकामी होती. वर्षभराने तो बदलून गेला. आमचे गाव पहिल्या दिवशी तुला कसे दिसले, हे आम्ही त्याला कधी विचारले नाही.

वर्ग सुटला तेव्हा मावशी पाटी काखेत मारून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पोराले राहाले जागा भेटली, एवढं फोनवर कळलं मले. कोणी देली, ते आज इचारीन."