डिपर लावला की निळा दिवा का मिणमिणतो?

प्रश्न : माझी बारा-तेरा वर्षं जुनी हॅचबॅक आहे. समोरून ठोकर लागल्यामुळे डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, तेव्हाच दोन्ही हेडलाइटचे नवे सेट बसवले. कंपनीचे नाहीत, बाजारातले. सोबत 100/90 वॉटचे बल्बही टाकले. उजवा झकास चालतो. डावा मात्र डिपरवर नुसता पिवळट मिणमिणतो. गंमत म्हणजे डिपरवर असतानाही डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा अंधुक पेटतो. वायरमन म्हणतो, अख्खं वायरिंग बदला. दुकानदार म्हणतो, एलईडी टाका. आंबोली घाटातून रात्रीचं येणं-जाणं असतं. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तूर्त दोघांचंही नको. निळ्या दिव्याचं आवर्जून लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण अर्धं निदान त्यातच आहे.

तुमच्या वर्णनावरून बल्ब एच4 जातीचा आहे. त्यात एकाच काचेत दोन फिलामेंट असतात आणि मागे तीन पाती. एक पातं डिपरचं, एक अप्परचं, तिसरं दोघांचं सामाईक. बहुतेक गाड्यांत हे सामाईक पातं अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. डावीकडची ही अर्थ सुटली की काय होतं पाहा. करंट डिपरच्या फिलामेंटमधून येतो, पण पुढे पत्र्यापर्यंत पोचायला वाट नाही. मग तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, अप्परच्या वायरीने उजव्या हेडलाइटकडे जातो आणि तिथल्या अप्परच्या फिलामेंटमधून उजवीकडची अर्थ गाठतो. एकामागे एक तीन फिलामेंट, आणि 12 व्होल्ट तिघांत वाटले जातात. कुणाचंच धड पोट भरत नाही. निळा दिवा अप्परच्याच वायरीवर टांगलेला असतो, म्हणून त्यालाही थोडेसे व्होल्ट मिळतात आणि तो मिणमिणतो. खात्री करायची तर डिपर लावून डाव्या बल्बकडे निरखून बघा. दोन्ही फिलामेंट लालसर पेटलेली दिसतील.

आता अर्थ का सुटली? माझा संशय पेंटिंगवर आहे. हेडलाइटची अर्थ बऱ्याचदा पुढच्या पत्र्यावर एका स्क्रूने आवळलेली असते. पत्रा रंगवताना त्या जागीही रंग बसतो, वर तसाच स्क्रू पिळला जातो, आणि रंगातून करंट जात नाही. त्यात कोकणातली दमट हवा. जुन्या गाडीत त्या स्क्रूखाली हिरवट बुरशीसारखा थर हमखास सापडतो.

पण वायर जोडायची घाई करू नका. काही गाड्यांत, विशेषतः जपानी रचनेच्या, उलटी पद्धत असते. सामाईक पात्याला प्लस मिळतो आणि स्विच मायनस बाजू जोडतो. अशा गाडीत सामाईक वायर अर्थ समजून बॅटरीच्या मायनसला लावलीत तर सरळ शॉर्ट! म्हणून आधी दोन्ही बल्बांमागचे कपलर काढा. मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला धरा आणि लाल पिन उजव्या, चांगल्या बाजूच्या कपलरच्या तिन्ही घरांत आळीपाळीने घाला, एकदा डिपर लावून, एकदा अप्पर लावून. व्होल्ट दाखवणारं घर बदललं, तर गाडी सरळ पद्धतीची. दोन्ही वेळा तेच घर व्होल्ट दाखवत राहिलं, तर उलट्या पद्धतीची. मग तुमच्याकडे डावीकडचा प्लस तुटला आहे. पहिल्यांदा डाव्या हेडलाइटचा फ्यूज बघा, कारण कित्येक गाड्यांत डाव्या-उजव्याचे फ्यूज वेगळे असतात.

गाडी सरळ पद्धतीची निघाली तर कपलर परत बसवा, डिपर लावा आणि फ्यूज घातलेली वायर डाव्या कपलरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसला क्षणभर लावा. बल्ब लख्ख झाला की चोर सापडला. स्क्रू काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, वायरीला नवं रिंग लग नीट दाबून बसवा, आवळा आणि वरून ग्रीस लावा. कामाला पाऊण तास लागत नाही. यासाठी अख्खं वायरिंग बदलायला सांगणाऱ्याला नमस्कार करावा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण 100/90 च्या बल्बबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. कंपनीचा बल्ब 60/55 वॉटचा. दोन डिपर मिळून साधारण 9 अँपिअर खातात. तुमचे 90 वॉटचे दोन मिळून 15 खातात, आणि तेही बारा वर्षांच्या बारीक वायरी, स्विच आणि कपलरमधून. करंट वाढला की वायरीत वाया जाणारे व्होल्टही वाढतात. हॅलोजनचं गणित इथे फार कडक आहे. व्होल्ट 10 टक्के घटले की उजेड जवळपास 30 टक्के घटतो. म्हणजे पैसे जास्त वॉटचे मोजायचे आणि वायरी तापवायच्या. शिवाय कपलरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं आणि स्वस्तातल्या सेटच्या रिफ्लेक्टरची चकाकी उडते. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणं तर आगीला आमंत्रण. फ्यूज असतो वायरीच्या रक्षणासाठी.

त्यापेक्षा साधे 60/55 चे बल्ब परत लावा आणि रिले बसवा, एक डिपरला, एक अप्परला. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, मध्ये बॅटरीजवळच 15 अँपिअरचा फ्यूज. 87 वरून 2.5 स्क्वेअर एमएमची वायर बल्बला. 85 आणि 86 मध्ये कॉइल. तिला जुन्या हेडलाइट वायरीचा इशारा आणि अर्थ द्यायची. आता जुन्या स्विचमधून फक्त कॉइलपुरता किरकोळ करंट जातो. तयार हार्नेस बाजारात मिळतो, जुनी वायर कापावी लागत नाही. गाडी उलट्या पद्धतीची असेल तर दुकानदाराला आधी सांगा. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून, डिपर लावून, बॅटरीचा प्लस आणि बल्बचा प्लस यांत मल्टीमीटर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी आला तर काम फत्ते.

एलईडीचं म्हणाल, तर हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये मी तो घालणार नाही. एच4 च्या डिपर फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर पडतो आणि रस्त्याकडे उतरतो. एलईडीची चिप नेमकी त्या जागी, त्या मापाची नसली की उजेड वर फाकतो. आंबोलीच्या पावसात आणि धुक्यात तो पांढरा झोत तुमच्याच डोळ्यांवर परततो आणि समोरच्याला आंधळं करतो तो वेगळाच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम सांगतो की झोत इतका खाली वळलेला हवा, की समोर 8 मीटरवर, जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवणार नाही.

शेवटी झोत लावून घ्या, कारण नवा सेट बसवल्यावर हे काम हटकून राहतं. टायरांत हवा बरोबर भरा, कुणाला तरी ड्रायव्हरच्या जागी बसवा, गाडी सपाट जागी भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 5 सेंटिमीटर खाली हवी आणि डावीकडे वर चढत जायला हवी. ती उजवीकडे चढत असेल, तर सेट उजवीकडून वाहनं चालणाऱ्या देशांसाठीचा आहे. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांतच तो उजेड जाणार. असा सेट दुकानदाराला परत करा, आणि मल्टीमीटरने काय दाखवलं ते आम्हाला जरूर कळवा.