सहीचा कागद व त्याचें मोल

थोर पुरुषांच्या स्वाक्षऱ्या वहींत जमविण्याचा छंद पुष्कळ विद्यार्थ्यांस असतो. तो निंद्य नव्हे. महात्मा गांधी स्वाक्षरीबद्दल पांच रुपये घेत व ते हरिजन फंडास देत; म्हणजे अशा वह्यांनीं लोककार्यासही हातभार लागला आहे. परंतु कोऱ्या पानावरील सही म्हणजे केवळ नांव. तीच ऐन प्रसंगीं लिहिलेल्या पत्राखालीं असली म्हणजे तो कागद त्या प्रसंगाचा साक्षीदार होतो. अशा कागदांविषयीं येथें चार शब्द लिहितों. त्यांच्या उदाहरणांसाठीं आपणांस रायगड जिल्ह्याबाहेर फारसें जावयास नको.

पूर्वीं सहीच्या जागीं बहुधा शिक्का असे. मजकूर कारकुनानें लिहावा, माथ्यावर मुद्रा उठवावी आणि शेवटीं मोर्तब करावें, अशी चाल होती. या शिक्क्याचा दरारा आपल्या किनाऱ्यानें पाहिला आहे. कान्होजी आंग्रे (मृत्यु १७२९) यांचें दस्तक जवळ नसलेलें जहाज त्यांचें आरमार पकडीत असे.

आतां पेण तालुक्यांतील वरसई गांव पाहा. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचें हें जन्मगांव. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल धूळ खात पडले होते. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून ते मिळविले व ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें २२ खंड प्रसिद्ध केले. १८९८ सालच्या पहिल्या खंडांत १७५० पासून १७६१ च्या पानिपतापर्यंतचीं पत्रें आहेत. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, त्याच्या संस्थापकांतही ते होते.

विष्णुभट गोडसे हेही याच वरसईचे. १८५७ सालीं ते द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमींत सांपडले. १८५८ सालीं झांशीस वेढा पडला, तेव्हां ते शहरांतच होते. गांवीं परतल्यावर कांहीं वर्षांनीं त्यांनीं सारी हकीकत लिहून काढली. चिंतामणराव वैद्य यांनीं ती १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ म्हणून छापली. परंतु भाषेंत व मजकुरांत पुष्कळ फेरफार केले. मूळ हस्तलिखित जपून राहिलें होतें, म्हणूनच दत्तो वामन पोतदार यांस १९६६ सालीं गोडसे भटजींचे खरे शब्द लोकांपुढें ठेवितां आले. तें नाहींसें झालें असतें, तर हे शब्द कायमचे बुडाले असते.

जेथें मोल आहे तेथें खोटेपणाही शिरतो. म्हणून कागद, शाई, वळण, शिक्का व मिती हीं ताडून पाहावीं. राज्याभिषेक शक रायगडावर १६७४ सालीं सुरू झाला. त्यापूर्वींच्या म्हणविणाऱ्या पत्रावर हा शक आढळला, तर तें पत्र बनावट किंवा मागाहून लिहिलेलें समजावें.

खरा कागद हातीं आल्यास त्यावरील शिक्का किंवा सही कापून वेगळी करूं नये. तेणेंकरून साक्षीदाराची जीभच कापल्यासारखें होतें. त्यास चिकटपट्टी अगर डिंक लावूं नये. आपल्या किनाऱ्याची हवा दमट. कसर व वाळवी टपलेलींच असतात. यास्तव कागद स्वच्छ सुती कापडांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावा आणि तो कोणाच्या घरीं, कोणत्या रुमालांत मिळाला याची नोंद करावी. हेंही ध्यानांत असावें कीं, १९७२ च्या कायद्यानें पंचाहत्तर वर्षांवरील ऐतिहासिक मोलाचे हस्तलेख खाजगी माणसास देशाबाहेर पाठवितां येत नाहींत.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, दिवाळीच्या झाडलोटींत माळ्यावरचें जुनें बासन रद्दींत घालण्यापूर्वीं मोडी जाणणाऱ्या कोणास तरी दाखवावें. विद्यार्थ्यांनीं तर मोडी स्वतःच शिकावी. जो कागद आपणांस वाचतां येत नाहीं, तोच प्रथम रद्दींत जातो.